सगळ्यांचा आकडा एकदम बदलतो

आक्काताईंनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी काढली आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. त्याच कॉलेजात त्यांची मुलगी प्रीती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दोघी कसबा बावड्याहून एकाच केएमटी बसनं येत, पण फाटकापाशी वेगळ्या होत. आत गेल्यावर हाक मारायची नाही, असं प्रीतीनं आईकडून कबूल करून घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये नोटीस लागली. कॉलेजच्या ऑनलाइन खात्याला यापुढे नुसता पासवर्ड पुरणार नव्हता. मोबाइलवरच्या ॲपमधला सहा आकडी कोडही लागणार होता. शनिवारी पाचपर्यंत जो हे जोडून घेणार नाही, त्याचं खातं बंद. खातं बंद म्हणजे परीक्षेचा फॉर्मही बंद.

शनिवारी दुपारी लॅबमध्ये चाळीस संगणक होते आणि दीडशे मुलं. लॅब सांभाळणाऱ्या गुरुप्रसाद सरांचा घसा सांगून सांगून बसला होता. कोड दर तीस सेकंदांनी बदलायचा, मुलं घाईनं जुनाच टाकायची, आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची. पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं थांबायचं.

आक्काताई एका बोटानं टाइप करायच्या. त्यांचं चार वेळा चुकलं. पाचव्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि नुसत्या फोनकडे बघत बसल्या. आकडा बदलला. पुन्हा बदलला. मग त्यांनी शेजारच्या अंतराच्या फोनकडे मान वळवली.

“पोरी, तुझा बी आत्ताच बदलला?”

“हो काकू.”

मागं राजवर्धन बसला होता. त्यालाही त्यांनी विचारलं. त्याचाही त्याच क्षणी बदलला होता. आक्काताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा चारवर आला की आकडा बदलत होता, आणि पुन्हा दहावर आला की.

“म्हंजे सगळ्यांचा एकदम बदलतोय की,” त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. “सर, ह्यास्नी जरा थांबवा. मी सांगतो तवा मारू द्या.”

गुरुप्रसाद सर घसा धरूनच होते. त्यांनी मान डोलावली.

“कुणी हात लावायचा न्हाय,” आक्काताईंनी अख्ख्या लॅबला बजावलं. “जुना आकडा जाऊ दे. थांबा. आजून थांबा.” काटा दहावर आला. “हां, बदलला. आता मारा.”

चाळीस कीबोर्ड एकदम वाजले. आक्काताईंनी स्वतःचे सहा आकडेही त्याच एका बोटानं, पण सावकाश टाकले. हिरवी खूण आली आणि तिच्याखाली त्यांचं अख्खं नाव. ते त्यांनी दोनदा वाचलं. त्यांच्या रांगेत नऊ जणांना खूण आली होती. अंतरा खुर्चीत गरकन फिरली, राजवर्धननं टेबल बडवलं, आणि दुसरी चाळीस मुलं जागा धरायला धावली.

मग हे थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. आक्काताई घड्याळाखाली उभ्या राहून पुकारत होत्या, मुलं त्यांच्याबरोबर “थांबा, आजून थांबा” म्हणत होती, आणि “मारा” म्हटलं की हसून हसून निम्म्यांचा कोड चुकत होता. त्यांना स्वतःलाच इतकं हसू येत होतं, की एकदा काटा चार ओलांडून गेला तरी शब्द फुटेना.

प्रीतीचंही खातं जोडायचं राहिलं होतं. आवाज तिनं जिन्यातच ओळखला. ती दारात घुटमळली, मग मान खाली घालून कोपऱ्यातल्या संगणकावर बसली. आईनं पाहिलं, पण कबुलीप्रमाणे हाक मारली नाही.

काटा दहावर आला. “मारा.”

प्रीतीची बोटं अडखळली. पडदा लाल.

“आई, माझा गेला,” ती ओरडली. “परत सांग की.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. मग राजवर्धन म्हणाला, “काकू, ही तुमची?”

“व्हय,” आक्काताई म्हणाल्या. “लई घाई करत्या. सांगतो बाळ, थांब.”

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या मुलाला खूण आली. सरांनी बसक्या आवाजात विचारलं, “ताई, सोमवारी अकराला प्राध्यापकांची खाती जोडायची आहेत. याल?”

“अकराला माझा मराठीचा तास हाय,” आक्काताई म्हणाल्या. “बाराला चालंल?”