पातेलं काही रिकामं होईना

कल्पना करा, की तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात उभे आहात आणि घरात एकही भांडं रिकामं नाही. पातेल्यात पाणी, कढईत पाणी, कुकरमध्ये पाणी. डब्यांत, वाट्यांत, आईच्या मिक्सरच्या भांड्यातसुद्धा पाणी. आणि आता तुम्हाला कुणी सांगितलं, चला, खीर करा. कशात कराल? विचार करून ठेवा. तोवर मैत्रीचं काय झालं ते ऐका.

मैत्री पाचवीत होती. वारज्यात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आई, बाबा आणि सुशीलाआजी यांच्याबरोबर ती राहायची. बुधवारी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, उद्या दिवसभर पाणी बंद. मागच्या वेळी बाबांनी असा निरोप वाचलाच नव्हता आणि अंगाला साबण लावलेला असताना नळ आटला होता. म्हणून या वेळी मैत्री म्हणाली, "मी भरते." आई रात्रपाळीला दवाखान्यात निघाली होती. बाबा विहारात दिव्यांच्या माळा लावायला गेले होते. आजी लवकर झोपली. मैत्रीने आधी जिन्यात उभं राहून सगळ्या शेजाऱ्यांना आठवण करून दिली, मग नळ सोडला आणि भांडी संपेपर्यंत तो बंद केला नाही. भांडी संपली तेव्हा तिला फार बरं वाटलं.

सकाळी ते बरं वाटणं टिकलं नाही.

"मैत्री," बाबांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "इथे चहा करायचा आहे की पोहायला उतरायचं आहे?"

चहाच्या भांड्यात पाणी होतंच, तेव्हा चहा कसाबसा झाला. पण खरा प्रश्न चहाचा नव्हता. तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. संध्याकाळी विहारात वंदना झाली, की सगळ्यांना खीर वाटतात. दरवर्षी ती खीर समोरच्या घरातल्या द्वारका मावशी करायच्या. यंदा मात्र मैत्रीने मागच्या रविवारी विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मावशी, तुम्ही राहू द्या. यंदाची खीर आमच्या घरची, आणि ढवळणार मी. तुमची दरवेळी खाली लागते."

लोक हसले होते. मावशी हसल्या नव्हत्या. "बरं बाई, सुटले मी," एवढंच त्या म्हणाल्या आणि मंगळवारी लोणी काळभोरला बहिणीकडे निघून गेल्या होत्या.

आता दुधाच्या पिशव्यांनी फ्रिज भरला होता, तांदूळ धुवायचे होते, आणि खिरीचं मोठं पातेलं ओट्याखाली काठोकाठ भरून बसलं होतं. बाबा पुन्हा विहारात गेले. आई कामावरून येऊन झोपली होती, तिला उठवायचं नव्हतं. आजी गुडघे धरून पातेल्याशेजारी उभी राहिली.

"आता कायच्यात करू खीर? तुह्या डोक्यात?"

"ओतून टाकू ना आजी. मोरीत."

"पाणी फेकाचं नाही."

"पण आजी, थोडंच."

"थोडंबी नाही." आजी अकोल्याकडच्या खेड्यातली. ती कधी ओरडायची नाही, पण असं बोलली की विषय संपायचा. या वेळी तिने पुढेही सांगितलं. "माह्या मायले विहिरीले हात लावू देत नव्हते. कोणी वरून घागरीत ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर बसा उन्हात. तिच्या पोरीच्या घरात पाणी मोरीत नाही जात."

मैत्रीने हातातला तांब्या खाली ठेवला. पण पातेलं तिथेच होतं.

मग तिला झाडं आठवली. तांब्या तांब्याने तिने बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. तुळस, गवती चहा, कोरफड, सगळ्यांना पोटभर. पातेल्यातलं पाणी चार बोटंसुद्धा उतरलं नसेल, तेवढ्यात खालून आवाज आला.

"अहो चौथा मजला."

खालच्या बाल्कनीत बद्रीनाथ काका मान वर करून उभे होते. त्यांच्यासमोर साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यावर वरून मातकट थेंब पडत होते.

"कुरडया वाळवायला ठेवल्यात, भिजवायला नाही," काका म्हणाले. "भिजवण्याचा कार्यक्रम आमच्याकडे मागच्या आठवड्यातच झाला."

"सॉरी काका. काका, तुमच्याकडे मोठं रिकामं पातेलं आहे का?"

"पातेलं आहे. रिकामं नाही. काल जिन्यात उभी राहून भरा भरा कोण सांगत होतं?"

मैत्री आत आली. तिचे कान तापले होते. आता एकच भांडं मोकळं होतं, सकाळच्या चहाचं. "यातच थोडी थोडी करू," ती म्हणाली. आजीने मान हलवली, पण गॅस लावून दिला. दूध घातलं, तांदूळ घातले. भांडं लहान आणि मैत्रीला घाई. तिने डाव फिरवायला घेतला न घेतला, तोच दूध फसफसून वर आलं आणि शेगडीभर पसरलं. गॅस विझला. तांदळाचे दाणे बर्नरच्या भोकांत जाऊन बसले. पुसायला फडकं घेतलं, तर फडकं धुवायला बादली हवी, आणि बादल्या सगळ्या भरलेल्या.

मैत्री जमिनीवर बसली. तिला पातेल्याला लाथ मारावीशी वाटली. तिने मारली नाही, कारण पाणी सांडलं असतं आणि तेही तिलाच पुसावं लागलं असतं.

"आपली खीर होणारच नाही," ती म्हणाली. "आणि सगळ्यांना कळेल."

आजी दाणे टोचून काढत राहिली.

दुपार कलली तेव्हा जिन्यात पावलं वाजली. समोरच्या दाराचं कुलूप निघालं. द्वारका मावशी लोणीहून परत आल्या होत्या. दोन्ही घरांची दारं उकाड्यामुळे उघडीच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. मग नळ फिरवल्याचा. नळ नुसता खाकरला.

"अगं बाई," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "आजच बंद."

मैत्रीने मान वर केली. मावशी मंगळवारपासून गावाला होत्या. म्हणजे त्यांच्या घरात एक थेंब भरलेला नव्हता. सगळ्या बादल्या, सगळं पिंप, सगळं रिकामं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? दोन पावलांवर तर दार आहे. अडलं होतं ते रविवारच्या बोलण्यापाशी. मैत्री उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, चपला सरळ करून परत आली. तिला आठवत होतं, मावशी तेव्हा हसल्या नव्हत्या.

"जाय," आजी म्हणाली. "त्या काही खात नाहीत तुले."

मैत्रीने उघड्या दारावर टकटक केली. मावशी पदराने मान पुसत आल्या.

"काय गं? झाली खीर?"

"नाही झाली. मावशी, तुमच्या बादल्या रिकाम्या आहेत का?"

"थट्टा करायला आलीस?"

"नाही. मी सगळ्या भांड्यांत पाणी भरलं. खिरीच्या पातेल्यातसुद्धा. आता खीर करायला काही नाही, आणि आजी ओतू देत नाही. तुम्ही घ्याल का ते पाणी?" आणि मग, जमिनीकडे बघत, "रविवारी मी बोलले ते वाईट बोलले."

मावशी सरळ मैत्रीच्या स्वयंपाकघरात आल्या. पातेलं पाहिलं, कुकर पाहिला, मिक्सरचं भांडं पाहिलं. ओट्यावरची भरलेली वाटी त्यांनी दोन बोटांनी उचलली.

"ही कोणासाठी? मुंग्यांना अंघोळीला?"

त्या दिवसात पहिल्यांदा आजी हसली.

मावशींच्या बादल्या आल्या. तांब्या बुडू लागला, पाणी या घरातून त्या घरात जाऊ लागलं. पातेल्याचा तळ दिसला तेव्हा मैत्रीने तो स्वतः कोरडा पुसला. दूध चढलं, तांदूळ पडले. मैत्री पाटावर उभी राहून ढवळू लागली. थोड्याच वेळात दंड भरून आले. दूध कडेने आटायला लागलं आणि डाव मधल्यामधेच फिरायला लागला. शेजारी मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. बघत होत्या. पातेल्याच्या तळातून अगदी हलका, करपल्यासारखा वास आला.

मैत्रीने मावशींकडे पाहिलं. मावशींनी खिरीकडे पाहिलं.

मैत्री पाटावरून उतरली. तिने डाव मावशींच्या हातात दिला, ओट्याखालची भरलेली कढई दोन्ही हातांनी उचलली, आणि एक थेंबही न सांडता ती मावशींच्या घराकडे चालू लागली.