हुपरीचा सांगावा

परसात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चिमणाबाईंनी तिसरी घागर ओतली आणि कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. भर चैत्र, आडाचं पाणी तळाला गेलेलं, आणि हे पाणी ना झाडाला, ना जनावराला. पत्र्याभोवतीची जमीन ओली राहिली तरच म्हणे हुपरीचा आवाज कोल्हापुरात येतो.

"एवढं पाणी भेंडीला घातलं असतंस तर भाजी तरी झाली असती," शेजारची अमीरबी कुंपणावरून म्हणाली.

चिमणाबाईंचे यजमान गणपतराव महाराजांच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. लढाईच्या काळात बसऱ्याला मोटारी हाकायला गेले आणि पलटणीतलं बिनतारी यंत्र बघून त्याचं वेड घेऊन परतले. मोडक्या मोटारीतली ठिणगीची कॉइल, घराच्या आढ्यापासून अमीरबीच्या लिंबापर्यंत ताणलेली तार, कानाला लावायची डबी आणि यंत्राची दुसरी तार जोडलेला परसातला तो पत्रा, एवढाच त्यांचा संसार. तसंच दुसरं यंत्र हुपरीला जावयाकडे. गुंडू लग्नाआधी त्यांच्याच हाताखाली होता. आता घरच्या पैंजणांच्या धंद्यात पडला होता, पण जीव सगळा त्या खटक्यात. खटका लांब-आखूड दाबायचा, त्याची अक्षरं दोघांनी ठरवून घेतलेली. यंत्राचा जोर बेताचा; सहा कोसांवर पोचलं तर पोचलं. नाही पोचलं की गणपतराव म्हणायचे, आज हवा बरी न्हाय. कधी ढग आले म्हणून, कधी आले नाहीत म्हणून, कधी लांब कुठंतरी वळवाची वीज चमकली म्हणून.

एरवी चिमणाबाईंनी हे हसून सोडून दिलं असतं. पण हुपरीला त्यांच्या लेकीचे, तानूचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला ती माहेरी बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. म्हणून या वेळी सासरच्यांनी तिला तिथंच ठेवून घेतलं होतं. वेळ आली की आईला बोलावू म्हणाले होते. बोलावल्यावाचून व्याह्याच्या दारात पाय ठेवायची रीत नव्हती. आणि सांगावा माणसाकरवी नव्हे, यंत्रावरून येणार, हे सासऱ्या-जावयांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून चिमणाबाई घागरी ओतत होत्या आणि काही कळलं का म्हणून विचारत होत्या. उत्तर एकच, हवा बरी न्हाय.

त्या सकाळी मात्र गणपतरावांनी एकदम हात वर केला. डबी कानाशी घट्ट धरली. खटका दाबला, ऐकलं, पुन्हा दाबला. चिमणाबाई दारातून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तव्यावर भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. नवरा हसत होता, म्हणजे पोर सुखरूप असणार. मग तो नुसताच ऐकत बसला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी त्यानं डबी खाली ठेवली.

"काय म्हणाला गुंडू?"

"लई स्वच्छ ऐकू येतंय म्हणाला. मी म्हटलं, तुझंबी येतंय. मग त्यानं विचारलं, तिकडं हवा कशी हाय. मी सांगितलं."

"आणि तानू?"

"ते पुढं सांगणार हुता बघ. तेवढ्यात हवा गेली."

चिमणाबाईंनी घागर पालथी घातली. लुगडं बदललं, डिंकाचे लाडू गठुड्यात बांधले आणि अमीरबीच्या भावाला, इलाहीला टांगा जोडायला सांगितलं. बोलावणं आलं न्हाय, माणसं नावं ठेवतील, असं म्हणत गणपतराव टांग्यापर्यंत आले.

"बोलावणं तुमच्या हवेत अडकलंय," त्या म्हणाल्या आणि चढून बसल्या.

हुपरीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. दारात विहीणबाई धोंडुबाई उभ्या होत्या.

"आलासा एकदाच्या. काल रातीपास्नं सांगावा धाडतोय. म्हटलं, कोल्हापूरची माणसं, दोनदा बोलावल्याबिगर येत न्हाईत."

चिमणाबाईंना उत्तर सुचलं होतं, पण आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि त्या तशाच आत गेल्या. तानू बाजेवर पडली होती, पांढरीफटक, पण डोळ्यांत जीव होता. आईचा हात धरून ती, किती वाट बघायला लावलीस, एवढंच म्हणाली. कुशीत दुपारीच जन्मलेली मुलगी होती, चांगली रडकी.

बाहेरच्या सोप्यात, पैंजणांच्या ढिगाशेजारी, गुंडू अजून खटका दाबत होता.

"मामी, मुलगी झाली म्हणून मघापास्नं पुकारतोय. मामांचं उत्तरच न्हाय. हवा बिघडली दिसती."

"हवेला काय बी झालेलं न्हाय," नातीला मांडीवर घेत चिमणाबाई म्हणाल्या. "तिथं पाणी घालायला कोण न्हाय."

गणपतरावांना नात झाल्याचं कळलं ते इलाहीचा टांगा परत गेल्यावर. पाचवीला ते हुपरीला आले तेव्हा आडाचा दोर ओढून ओढून त्यांच्या तळहातांना फोड आले होते. उंबऱ्यातच त्यांनी जावयाला विचारलं, काल माझं ऐकू आलं का. गुंडू तोंड उघडणार, तोच चिमणाबाईंनी पोर त्यांच्या दोन्ही हातांत ठेवली. तेवढा वेळ तरी खटक्याला हात जायला नको.