पाचव्या पर्वातला श्वास

माझ्या सासूबाई झॉम्बींची ती मालिका अगदी पहिल्या पर्वापासून बघतात. भुताखेतांची आवड म्हणून नाही. पहिल्या पर्वात माझ्या सासऱ्यांचा श्वास आहे.

हे नीट सांगायला हवं. माझा नवरा त्या मालिकेतल्या मेलेल्यांचे आवाज करतो. पडद्यावरचं मढं चालताना पायाखाली जे चुरचुरतं, त्याच्या घशात जे घरघरतं, ते सगळं आमच्या मागच्या खोलीत तयार होतं. त्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्या आहेत, खिडकीत गादी उभी केली आहे. ओला चामडी पट्टा पिळला की मान मोडते, कोबी फोडला की डोकं. लग्नानंतर कितीतरी महिने आमच्याकडे रोज कोबीचीच भाजी असायची. सासूबाई म्हणायच्या, तुमच्याकडे जेवायचं म्हणजे कोणाचं तरी डोकंच खायचं.

मागच्या खोलीचं दार गरमीमुळे बरेचदा उघडं असायचं, आणि त्यामुळे आमच्या घरात एक रीत पडली होती. नवऱ्याने हात वर केला की जो जिथे असेल त्याने तिथे थिजायचं. हातात झाडू असो, तोंडात घास असो. एकदा माझ्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं आणि मी गॅसपासून दोन पावलांवर पुतळ्यासारखी उभी राहिले. आम्ही नंतर पोट धरून हसलो. दूध गेलं तरी चालेल, मढ्यांचा आवाज नासायला नको, असं सासूबाई सगळीकडे सांगत सुटल्या. आमची भिंगरी, दीड वर्षाची, सारखी स्वतःभोवती फिरते म्हणून भिंगरी. तीही हात वर दिसला की फिरायची थांबायची. पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवायचो.

पहिलं पर्व फार चांगलं होतं, हे आजही कोणी नाकारत नाही. मला विचाराल तर त्याचं कारण असं, की त्यातल्या मेलेल्यांना काहीतरी हवं असायचं. म्हातारा पोस्टमन मेल्यावरही एका दारासमोर येऊन उभा राहायचा, ओढत ओढत श्वास घ्यायचा आणि कशावर तरी टकटक करायचा. मग थोडं थांबून पुन्हा टकटक. ती टकटक खूप गाजली. तिचा अर्थ काय यावर लोक तासन्‌तास वाद घालायचे. तो श्वास सासऱ्यांचा होता, त्यांच्या शेवटच्या आजारातला. नवऱ्याने लग्नाआधी मला ते सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. वडिलांचा श्वास जपून ठेवणारा मुलगा. मला वाटलं, याच्याइतकं हळवं माणूस मिळायचं नाही.

दुसऱ्या पर्वात तोच श्वास यंत्रावर ताणून, कापून दहा मढ्यांना वाटला. तरी बरं होतं. तिसऱ्या पर्वात मढी शेकड्यांनी आली आणि त्यांना भुकेशिवाय काही उरलं नाही. चौथ्यात तर ती संगणकावरच वाढवली. सगळी एका चालीची, एका घशाची. सासूबाई म्हणाल्या, आधी मढी माणसासारखी होती, आता माणसंच मढ्यासारखी बोलायला लागली आहेत. प्रेक्षक गळाले. निर्मात्यांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की पाचव्या पर्वात मेलेल्यांमध्ये जीव हवा, नाहीतर आवाजाचं काम दुसऱ्याला. तो हे सांगताना हसला होता. मेलेल्यांत जीव हवा म्हणे.

त्याच सुमारास माझं ठरलं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. बाळंतपणासाठी सोडलेली ती जागा मला परत मिळत होती. नवरा घरीच काम करतो, म्हणजे भिंगरी त्याच्यापाशी राहणार. सगळ्यांनी म्हटलं, नशीब काढलंस. मीही तसंच म्हणत होते. तरी माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. मी स्वयंपाकघरातून उगाच डोकावायची. ती झोपली असली की तिच्या नाकाशी बोट धरायची. नवरा म्हणायचा, तू तिला पण पाण्याच्या नमुन्यासारखी तपासतेस.

पाचवं पर्व आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मालिकेत पुन्हा प्राण आला, मढ्यांना पुन्हा काहीतरी हवंय, असं जो तो लिहीत होता. मी कामावर रुजू होणार त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, सासूबाई पाहायला आल्या. त्या पलीकडच्याच रस्त्यावर राहतात. नवरा सामान आणायला गेला होता आणि भिंगरी आत झोपली होती.

तिसऱ्या भागात एका शाळेचं आवार होतं, भोवती तारेच्या जाळीचं कुंपण. जाळीपलीकडे एक लहान मुलगी उभी, पाठमोरी. तिचा श्वास आत जाताना करवत ओढल्यासारखा वाजत होता. मग तिने जाळीवरून नखं ओढली. खर्र. थांबली. पुन्हा खर्र.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

भिंगरीचं झोपायचं अंथरूण जाळीच्या खाटोल्यात आहे. उचलून घ्यायला हवं असलं की ती रडत नाही, जाळीवरून नखं ओढते. ती उभी राहायला लागल्यापासून मी त्या आवाजाला धावत आले आहे. चार खोल्यांपलीकडून तो मला ऐकू येतो.

आणि तो श्वासही मला माहीत होता. थंडीत मी प्रयोगशाळेत एक दिवस भेटीला गेले होते. परत आले तर भिंगरीचे ओठ काळसर दिसत होते आणि नवरा तिला कडेवर घेऊन दारातच उभा होता. आताच सुरू झालं, म्हणाला. आम्ही धावतच दवाखान्यात गेलो. घशाला सूज होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा आवाज ऐकू आला की एक क्षण थांबायचं नाही.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बंद पडद्याकडे बघत होत्या.

"पहिल्या पर्वातली टकटक कशाची आहे, ठाऊक आहे तुला?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"चमच्याची. पेल्यावर. त्यांना बोलता यायचं नाही शेवटी शेवटी. पाणी हवं असलं की पेला वाजवायचे."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, अगदी सावकाश, जणू भाजी निवडत होत्या. त्या पाणी घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. मुलाने हात वर केला. त्याच्या कानांवर ते यंत्र होतं, डोळे मिटलेले होते. त्या थांबल्या. सासरे वाजवत राहिले.

"मग मिळालं ना पाणी त्यांना?"

"मिळालं की. त्याचं झाल्यावर." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्यांचा श्वास ऐकायला बघते हे. पोरी, मी ती टकटकच ऐकत बसते."

नवरा आला तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. मी फार आरडाओरडा केला नाही. मी फक्त विचारलं की तो आवाज भिंगरीचा आहे का. त्याने लपवलं नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. मी ओळखलं म्हणून. मग माझ्याकडे पाहून तो उजेड मावळला.

तो म्हणाला की मी तिथेच होतो, सोडून कुठे गेलो नव्हतो, हातभर अंतरावर बसलो होतो.

"आणि माइक?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "वीतभर."

मला वाटतं त्यालाही तेव्हाच ते ऐकू आलं. तो खाली बसला. म्हणाला, असा आवाज परत येत नाही, गेला की गेला. थोडाच वेळ घेतला आणि लगेच उचललं, तिला काही झालं का, नाही ना. बाबांचं आता दुसरं काय उरलंय आपल्याकडे, सांग. तेवढा एक श्वास. तो हे बोलताना रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच मला जास्त भिववत होतं. वाईट माणूस असता तर मी त्याच रात्री निघाले असते. त्याने माझा हात धरून शब्द दिला की भिंगरीचा एकही आवाज तो पुन्हा घेणार नाही. मी तो शब्द मानला. किंवा असं म्हणा, मानायचं ठरवलं, कारण सकाळी मला कामावर जायचं होतं आणि माझ्यापाशी दुसरं काही ठरवलेलं नव्हतं.

सकाळी सगळं सुरळीत होतं. भिंगरी न कुरकुरता जेवली. तिला थोडा खोकला होता. औषध कुठे ठेवलंय, किती वेळाने द्यायचं, हे नवऱ्याने स्वतःहून मला म्हणून दाखवलं, परीक्षेला बसल्यासारखं. मी हसले. तो मागच्या खोलीत गेला. नव्या भागासाठी फक्त कड्या-कुलपांचे आवाज हवेत, म्हणाला. दार उघडं ठेवतो, म्हणजे ती डोळ्यांसमोर राहील.

मी डबा भरला, पिशवी खांद्याला लावली, एक चप्पल पायात घातली. भिंगरी जमिनीवर बसून वाट्यांत वाट्या घालत होती. तिने तोंड उघडलं. खोकला येणार होता, मला तिच्या छातीवरून दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीत त्याने हात वर केला.

तो तिच्याकडे बघत नव्हता. कोणाकडेच बघत नव्हता. डोळे मिटलेले, एका हातात गंजकं कुलूप, दुसरा हात वर. सवयीने.

भिंगरीने दोन्ही तळवे तोंडावर दाबले. तिचे गाल फुगले, मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी आलं. नजर त्या हातावरून हलली नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी शिकवलं होतं.

आणि मी एका पायात चप्पल घालून उभी होते. थिजलेली. दूध उतू गेलं त्या दिवशी उभी होते तशीच.

मग मी हातातला डबा सोडून दिला. स्टीलचा डबा फरशीवर आपटला, झाकण सुटून गरगरत पार मागच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेलं. मला वाटलं तो दचकेल, चिडेल, काहीतरी म्हणेल. त्याने डोळे उघडले नाहीत. हात तसाच वर होता. त्याने मान किंचित कलती केली आणि झाकण फिरत फिरत निपचित पडेपर्यंत ते ऐकत राहिला.

मी भिंगरीला उचललं. तिचं औषध घेतलं, पांघरूण घेतलं. दुसरी चप्पल तशीच राहिली. सासूबाईंकडे, एवढंच डोक्यात होतं; प्रयोगशाळेला तिथून कळवता आलं असतं.

जिन्यात आल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिचे तळवे तोंडावरून हळूच सोडवले.

"खोक, बाळा," मी म्हटलं. "आता खोक."

तिने आधी बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून, अंग चोरून खोकली. आवाज येणार नाही अशी.