नदीपलीकडची किलकारी

दोन देशांमधली हद्द बंद होऊन तीन वर्षे होत आली होती. त्या हद्दीवरची किस नदी मात्र होती तेवढीच होती: उन्हाळ्यात घोटाभर पाणी, चाळीस पावलांचे पात्र. फ्रेंचांशी लढाई चालू असताना बेलईदच्या वडिलांनी पलीकडच्या लढवय्यांना आपल्या गोठ्यात लपवले होते आणि लढाई संपल्यावर त्यांतल्याच एकाला मुलगी दिली होती. त्या मुलीची, बेलईदच्या बहिणीची, झुलीखाची वरात खेचरांवरून हे पाणी ओलांडून गेली, तेव्हा कोणी कोणाला कागद मागितला नव्हता.

आता समोरच्या काठाला लिहिलेले पत्र समुद्रापलीकडच्या मार्सेयमधल्या चुलतभावाकडून फिरून जाई. या वेळीही बेलईदने झुलीखाला तसेच धाडले होते: ‘शुक्रवारी नमाजानंतर वळणावर ये. नज्वाची मेंदी आहे.’ घरची रीत अशी, की आत्याने पहिली किलकारी, जीभ झरझर हलवत घातलेली आनंदाची लांब साद, दिल्याशिवाय नवरीची मेंदी भिजवायची नाही.

नज्वा बापाशेजारी, बेलईदशेजारी उभी होती, कोरड्या मेंदीचा वाडगा छातीशी धरून. दोन्ही काठांवर आप्तांची गर्दी होती, आणि हाका एकमेकींत गुंतत होत्या.

“मुलगा झाला! नाक तुझ्यावर गेलंय!”

“अरेरे, बिचारा!”

पहाऱ्यावरचा शिपाई बेलईदला म्हणाला, “काका, पुढे नका जाऊ. पलीकडचं पाणी परदेशी आहे.”

“पाण्याला सांगितलंयस का तसं?”

शिपाई हसला आणि त्याने मान वळवली.

पलीकडच्या बायका डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या चादरींत गुंडाळलेल्या, एक डोळा तेवढा उघडा. त्यांतली एक मघापासून त्याला हात करत होती. तोही करत होता.

“झुलीखा! पोरगी खोळंबलीय गं! दे ना!”

किलकारी आली. लांब, स्वच्छ, सरळ.

बेलईदचा हात हवेतच राहिला. त्याच्या आईची किलकारी मध्येच चिरकत असे. झुलीखाने तीच चीर गळ्यात घेतली होती. “कोंबडी पकडलीस का गं?” म्हणून तो लहानपणी तिला चिडवत असे. हा आवाज कुठेच चिरकला नव्हता.

“तू झुलीखा नाहीस!”

“नाही रे भाऊ,” ती बाई ओरडली. “तू हात केलास, म्हणून मीही केला. तीन शुक्रवार झाले, माझा भाऊ येत नाही. तुझी बहीणही दिसत नाही. आज माझीच घे.”

पत्र पोचले नसेल, की झुलीखालाच पोचता आले नसेल? त्याने काठ पुन्हा एकदा नजरेने चाळला. ऊन उतरत चालले होते.

“बाबा, भिजवू?” नज्वाने हळूच विचारले.

“भिजव,” तो म्हणाला. “आत्याच आहे ती.”

नज्वा वाकली आणि तिने ओंजळभर पाणी वाडग्यात सोडले. पलीकडे आणखी काही बायकांनी त्या बाईच्या सुरात सूर मिळवला.

“बहिणी!” बेलईदने हाक दिली. “भावाचं नाव सांग. भेटला तर सांगेन, तू आली होतीस.”

तिने नाव सांगितले. विसरू नये म्हणून घर येईपर्यंत तो ते पुटपुटत राहिला. आणि पुटपुटणे थांबे त्या त्या क्षणी त्याचा कान मागे, नदीकडे, ती जुनी चीर शोधत राही.