इनामी शिकाऱ्याची आई

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. म्हणजे एके काळी अख्खा होतो, आता वाटाण्याएवढा उरलो आहे. मी कशापायी एवढा झिजलो हे ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा कपाळाला हात लावाल.

कारखान्यातल्या लांबच लांब पट्टीतून मला कापून काढलं, तेव्हा मी पांढराशुभ्र आणि चौकोनी होतो. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्या उताराच्या मोठ्या टेबलावर माझी जागा ठरलेली होती. त्यांची रेघ चुकली तर त्या तेवढीच रेघ पुसत. दोन बोटांनी कागद ताणून धरायचा, मला एकाच दिशेने हलकेच फिरवायचं, मग एक फुंकर. शेजारच्या भिंतीला, जिन्याला, खिडकीला धक्का लागत नसे. "हा माझा उजवा हात," असं त्या मला दाखवून सगळ्यांना सांगत. झिजलो तेव्हाही, पण मानाने झिजलो.

पुढे आराखडे संगणकावर गेले. बाई निवृत्त झाल्या. टेबल घरी आणून सपाट केलं आणि मी बटणांच्या डब्यात गेलो. किती वर्षं गेली कोण जाणे. बटणांना बोलायची सवय नसते.

मग एक दिवस बाईंच्या मुलाने डब्यात हात घातला, आणि मित्रांनो, माझे हाल सुरू झाले.

हा मुलगा क्रेन चालवतो. दिवसभर उंच केबिनमध्ये एकटा. खालची माणसं हातवारे करतात, बोलत कोणीच नाही. घरी आल्यावर आईशी त्याचं बोलणं म्हणजे "हं", "नको" आणि "जेवलो". तोंड उघडायचं ते रविवारी दुपारी. तेव्हा त्याच जुन्या टेबलाभोवती चौघं जमतात आणि सोंगांचा खेळ खेळतात. एक जादूगार होतो, एक तिरंदाज. फासे टाकत, बोलत बोलत सगळे मिळून एक गोष्ट रचतात. गोष्ट चालवते त्याची मावसबहीण, सगळ्यांची ताई. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे दुखरी जागा तिला बरोबर सापडते.

मुलाचा योद्धा दलदलीत बुडाला, म्हणून त्याला नवं सोंग हवं होतं. त्याने ठरवलं, इनामी शिकारी व्हायचं. राजाने ज्यांच्या डोक्यावर इनाम लावलंय, अशा फरारी लोकांना शोधून पकडून आणणारा. छान आहे की. पण या खेळात प्रत्येक सोंगाचं पूर्वायुष्य लिहावं लागतं. तो कुठला, घरी कोण, या धंद्यात का पडला. ताईने त्यासाठी एक जाड कागद दिला होता, आणि या गृहस्थाने त्या एका कागदावर जो धुमाकूळ घातला, तो मी जन्मात विसरणार नाही.

पहिल्याच ओळीत आई मेली. तापाने. पुसा. मग ती पुरात गेली. पुसा. मग लांडग्यांनी खाल्ली. तेही पुसा, कारण लांडगे पुढे शिकाऱ्याचा कोट फाडायला हवे होते. गावाला आग लागली, बाप परागंदा झाला, काका उलटला, पण आई काही वाचत नव्हती. आणि पुसणं कसं? क्रेन चालवणारा हात तो. खसाखसा, मागेपुढे, गोलगोल. कागदाला साबुदाण्याच्या पापडासारखं पातळ करून ठेवलं आणि माझा झाला भुगा. अरे बाबा, जिवंत बाई शेजारच्या खोलीत बसून तुझी शर्टाची बटणं लावते आहे, आणि तू इथे तिला रोज नव्या तऱ्हेने मारतोस? मी ओरडून ओरडून सांगत होतो. पण खोडरबराचं कोण ऐकतं?

ताईसुद्धा वैतागली. "या रविवारी पूर्वायुष्य पूर्ण नसेल, तर तुझी खुर्ची माझ्या कंपाउंडरला देते. तो कधीचा मागे लागलाय." मुलाचा चेहरा उतरला. ती एक खुर्ची गेली, तर आठवडाभर त्याच्याशी बोलायला क्रेनशिवाय कोण होतं?

रविवार उजाडला. तिरंदाज होणारा लंबू घसा धरून घरी झोपला होता. चौथा माणूस हवा, म्हणून ताईने आतल्या खोलीकडे हाक मारली, "मावशी, ये गं जरा. फासे टाकायचेत, दुसरं काही नाही."

बाई चष्मा पुसत येऊन बसल्या. स्वतःच्याच टेबलावर, पाहुण्यासारख्या.

या टेबलाचा एक रिवाज आहे. नव्या सोंगाचं पूर्वायुष्य मोठ्याने वाचायचं, बसलेल्या प्रत्येकाने त्यावर एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तरं पटली तरच ते पेनाने पक्कं करायचं. मुलगा मान खाली घालून वाचू लागला. "तो एकटा आहे. लहानपणी गाव जळालं, त्यात आई गेली. घरी कोणी नाही. अंगात कातडी कोट, कोपरावर ठिगळ. गेल्या हिवाळ्यात लांडग्यांनी फाडला होता."

जादूगार होणाऱ्या बेकरीवाल्याने विचारलं, "पकडलेला माणूस निर्दोष निघाला तर?"

"सोडतो. इनाम परत करतो."

"मग उपाशी मरशील," बेकरीवाला म्हणाला. "पण पटलं."

बाईंची पाळी आली. "ते ठिगळ कोणी लावलं?"

"आईने," मुलगा बोलून गेला.



"ती तर लहानपणीच जळाली ना?" बाई म्हणाल्या. "आणि कोट फाटला गेल्या हिवाळ्यात."

"भुताने शिवलं असेल," बेकरीवाला पुटपुटला.

ताईने हात झटकले. "मावशी, आता सांगतेच. हा दर आठवड्याला तुला मारतो. काय दुखतं याचं, कळत नाही."

"जिवंत ठेवून काय करू?" मुलगा उसळला. "या जादूगाराची बहीण तू डाकूंकडे ओलीस ठेवलीस. लंबूच्या आजोबांना दगड केलंस. घरी माणूस दिसलं की तू उचलतेस."

"खेळ आहे तो."

"असू दे खेळ. तिला कोणी उचललेलं मला चालणार नाही. त्यापेक्षा नसलेली बरी."

मी टेबलाच्या कडेला पडलो होतो. एवढे महिने मी याला दगडाच्या काळजाचा समजत होतो, आणि हा आईला लपवत होता. लपवायला जागा काय शोधली, तर थेट स्मशान. धन्य आहे.

बाईंनी हातातला फासा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "समज, उचललं मला. येशील का सोडवायला?"

"येईन की. माणसं शोधणं हाच धंदा आहे माझा."

"मग राहू दे मला. पूस ते."

त्याने मला खसकन उचललं. आता मी वाटाण्याएवढा आणि कागद श्वासाइतका पातळ. एक रगडा बसला असता, तर कागदाला भोक पडून शिकाऱ्याचं सगळं आयुष्यच त्यातून गळून गेलं असतं. तेवढ्यात बाईंचा हात पुढे आला. "दे इकडे. तू भांडी घासल्यासारखा घासतोस."

दोन बोटांनी कागद ताणला गेला. एकाच दिशेने, हलकेच. किती वर्षांनी मला तो हात भेटला, मित्रांनो. कोटाला धक्का नाही, ठिगळाला धक्का नाही, मरण तेवढं निघालं. मग एक फुंकर.

मोकळ्या जागेत मुलाने लिहिलं, 'आई घरी आहे. ठिगळ तिनेच लावलं.' आणि पेनाने पक्कं केलं.

ताईचे डोळे लगेच चमकले. "ठीक. तर एका सकाळी आईच्या दारावर थाप पडते..."

"बघ, म्हटलं नव्हतं?" मुलगा आईकडे वळून म्हणाला. त्या दिवशी तो तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलत होता, बहुतेक तक्रारीच.

तर मित्रांनो, खोडरबर जपून वापरा. चुकलं तेवढंच पुसा, आणि तेही हळू. पेन्सिलीच्या टोकाने आम्हाला भोसकू नका, आम्हालाही अंग आहे. गोष्टीत कोणाला मारायचं असेल तर खुशाल मारा, तुमची गोष्ट आहे. फक्त त्याआधी शेजारच्या खोलीत एकदा डोकावून या.