डाळिंबी लाल

सरकारी विद्यापीठात मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाच्या हाती एक मोडकी वस्तू देतात. ती का मोडली ते शोधायचं आणि अहवालाखाली स्वतःची सही करायची. तिच्या वाट्याला क्रेनचा हुक आला, दोन तुकडे झालेला.

"जपून गं," मॅडम म्हणाल्या. "याच्याखाली माणूस होता. पाय गेला त्याचा."

तिनं तुकडा कापला, घासला, आरशासारखा उजळला, ॲसिडचा हात फिरवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पोलादाचे कण कसे रव्यासारखे बारीक हवेत! इथे खडेमीठ सांडलेलं. आणि भेग त्या खड्यांच्या कडेकडेनं, चोरपावलांनी गेलेली.

"भट्टीत करपवलाय चांगला," शेजारचा मित्र डोकावून म्हणाला. "कोण म्हणायचे हे बल्लवाचार्य?"

तीही हसली. नोंदीसाठी तिनं हुकाचा दांडा उलटा केला, आणि हसू ओठांवरच थिजलं. दांड्यावर पंचानं ठोकून उमटवलेले चार ठिपके. तीन सरळ, चौथा तिरका.

तिचे बाबा कारखान्यात भट्टीवर होते. हातून गेलेल्या प्रत्येक नगावर हे चार ठिपके ठोकायचे. "तीन तुम्हा भावंडांचे. तिरका तुझ्या आईचा, ती कधी सरळ बोललीय का?"

मित्र चहाला गेला. तीस वर्षांत बाबांचा एकही नग परत आला नव्हता. भट्टीच्या तापमानाच्या मीटरकडे ते बघतही नसत. "डाळिंबाचा दाणा दिसला की बाहेर काढायचं. संत्रं होऊ द्यायचं नाही." लोखंडाचा रंग त्यांच्या डोळ्यांत मुरलेला. मग हे झालं कसं?

घासायचा कागद हाताशीच होता. चार ठिपके, चार मिनिटं. तिनं कागद उचललाही. पण असा हुक हा एकच थोडाच असणार? तिनं कागद टाकून फोन लावला.

"बाबा, भट्टीपाशी अलीकडे काही बदललंय?"

"बदललंय म्हणजे? थाट आहे आमचा! दोन महिने झाले, नवे दिवे आलेत. भरदुपारचं ऊन नुसतं. आधी घुबडासारखे बसायचो अंधारात."

तिनं डोळे मिटले. अंधारात डाळिंबी दिसणारं लोखंड लख्ख उजेडात काळपट दिसतं. डाळिंबी दिसेतो थांबावं, तर ते केव्हाच संत्रं होऊन गेलेलं.

"दिवे आल्यापासून हुक किती केलेत?"

"साठेक. निम्मे बाहेर गेले, निम्मे इथंच क्रेनला लागलेत. का गं चिमणे?"

"त्यातला एक माझ्यापुढे आहे, बाबा. मोडलेला. उजेडानं डोळा फसवला तुमचा. जास्त तापलाय तो."

"माझा कशावरून?"

"आईचा ठिपका आहे."

"खाली कुणी होतं?"

"एकाचा पाय गेला."

बाबांचा आवाज ओळखू येऊ नये इतका म्हातारा झालेला. "लिही. उजेडाचं लिही, ठिपक्यांचंही लिही. काही झाकू नकोस."

फोन बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. तिला त्यांची पावलं ऐकू आली. आधी अडखळती, मग धावती.

"क्रेन थांबवा! अरे, खालून बाजूला व्हा सगळे! माझे हुक उतरवा!"

"काका, वेड लागलं का? माल निघायचाय आज!"

"वेड लागलं म्हण, काही म्हण! आधी बाजूला हो!"

फोन कानाशी धरून ती उभीच राहिली. पलीकडे एकेक यंत्र गप्प होत गेलं.