काठोकाठ भरलेला प्याला

अरे मित्रांनो, आधी ऐकून तर घ्या, मग काय ते बोला! मी एक जुना समोवर आहे. पोटात निखारे, भोवती पाणी, पुढे तोटी. आमच्या किरगिझ डोंगरात, नारिन गावात, माझ्याशिवाय चहाचं पान हलत नाही.

मी आलो उलकानएजेच्या लग्नात, आंदण म्हणून. एजे म्हणजे ताई. मास्तरीण ती, सगळं गाव तिला एजेच म्हणतं. पुढे तिनं चार कामगारांना धरून समाजवादी पक्ष काढला आणि मला उचलून थेट कचेरीत! काय दिवस होते! मेंढपाळ यायचे, गिरणीतल्या बाया यायच्या, कडाकडा भांडायचे आणि जाताना म्हणायचे, "भाषणं राहू देत एजे, चहा मात्र आपल्याच पक्षाचा!"

मग माणसं पांगली. कुणी रशियात मजुरीला, कुणी दुसऱ्या पक्षात. माझी तोटी अडकायला लागली. "निवडणूक होऊ दे, मग बघू," म्हणत कितीतरी निवडणुका गेल्या.

उरले दोन-चार म्हातारे, आणि तरुणांत एकटा मेदेत. एजेचाच विद्यार्थी, तिनंच अध्यक्ष केलेला. त्याला एका श्रीमंत पक्षाचं बोलावणं आलं. तो गेला की आमचा पक्ष संपलाच.

"एजे, माझं अजून ठरत नाहीये," तो मान खाली घालून म्हणाला.

"आधी चहा पी, वेड्या."

आमच्याकडे प्याला अर्धाच भरतात. अर्धा म्हणजे बैस, अजून देते. काठोकाठ म्हणजे ऊठ, नीघ आता. एजेनं तोटी सोडली, आणि ती अडकली! एजेनं पिळली, बुक्की मारली. बंद झाली तेव्हा प्याला काठोकाठ. थोडा ओतून टाकणार, तोच मेदेतनं हात पुढे करून तो घेतला.

त्यानं प्याल्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरला.

"कळलं, एजे."

पहिल्या चार कामगारांतला म्हातारा तुर्दाकुन खूश! "शाब्बास एजे! गद्दाराला असंच घालवायचं!"

एजेनं तोंड उघडलं. पण सगळे तिच्याकडे इतक्या अभिमानानं बघत होते, की शब्दच फुटेना. दार लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं माझी तोटी दुरुस्त करून आणली. कचेरीत आता चपलांचं दुकान आहे. मी एजेच्या घरी असतो. रोज ती अर्धा प्याला भरते, समोरच्या रिकाम्या जागी ठेवते, आणि तो गार होतो.

मित्रांनो, बारीकसारीक दुरुस्त्या पुढे ढकलू नका रे. आणि खरं सांगा, तिच्या जागी तुम्ही असता, तर सगळ्यांदेखत त्याच्या मागे धावला असता का?